कागदाहून पातळ भिंत: चेहऱ्याच्या रोजच्या निगेविषयी

पार्लरच्या खुर्चीवर नवीन कोणी येऊन बसले की आरसा पुढे करण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, "आतापर्यंत काय काय लावून झाले?" उत्तर बहुधा लांबलचक असते. दिवसातून चार वेळा फेसवॉश, आठवड्यातून तीनदा स्क्रब, रविवारी बेसन आणि लिंबू, मैत्रिणीने सुचवलेले सिरम, मेडिकलमधून आणलेली एक छोटी ट्यूब. आणि एवढे करूनही सकाळी चेहरा ओढल्यासारखा वाटतो, दुपारी नाक चकाकते आणि गालांवर बारीक पुटकुळ्या उठतात त्या वेगळ्याच. वीस वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यांतील बहुतेकींना आणखी एका बाटलीची गरज नसते. जे चालले आहे त्यातले निम्मे बंद करण्याची गरज असते. हे सांगणे माझ्या गल्ल्याच्या हिताचे नाही. तरीही ते का खरे आहे हे समजून घ्यायचे, तर त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची नीट ओळख करून घ्यावी लागते, कारण साबणापासून सनस्क्रीनपर्यंत आणि उटण्यापासून फेशियलपर्यंत कोणतीही गोष्ट चांगली की वाईट, हे ती या थराचे काय करते यावरूनच ठरते.

आपण ज्या त्वचेला हात लावतो, तिचा पृष्ठभाग मृत पेशींचा असतो. या चपट्या, कोरड्या पेशींचे साधारण पंधरा ते वीस थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या सगळ्यांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पन्नासाव्या भागापर्यंत भरते. वहीचा कागद याच्या पाच ते दहा पट जाड असतो. मृत म्हटले म्हणून हा थर निरुपयोगी नाही. उलट शरीरातले पाणी आत राखणे आणि धूळ, जंतू व रसायने बाहेर अडवणे ही दोन्ही कामे मुख्यतः तोच करतो. पीटर एलायस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने त्याची रचना समजावण्यासाठी विटांच्या भिंतीची उपमा रूढ केली. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांचे मिश्रण म्हणजे चुना. भिंत कमकुवत होते ती बहुतेक वेळा विटा फुटल्यामुळे नव्हे, तर मधला चुना झिजल्यामुळे. चुना झिजला की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे पदार्थ आत शिरतात; मग एरवी सोसणारे क्रीमही झोंबू लागते आणि बाई म्हणते, "ताई, माझी स्किन हल्ली फार सेन्सिटिव्ह झाली आहे." ती जन्मतः तशी असते असे नाही, पुष्कळदा ती तशी केलेली असते.

या भिंतीविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ती सतत नव्याने बांधली जाते. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत मरते आणि शेवटी आपल्या नकळत गळून पडते. तरुणपणी या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळही वाढतो. त्यामुळे कोणतेही नवे क्रीम चार दिवस लावून "काही फरक पडला नाही" म्हणणे म्हणजे पेरणीनंतर आठवडाभरात मळणीला निघण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी), पाचच्या आसपास असतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ साली याला आम्लाचे आवरण असे नाव दिले. चुना तयार करणारी विकरे या आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात, म्हणून आवरण बिघडले की भिंतीची डागडुजीही मंदावते.

धुण्याचा हिशेब

चेहरा धुणे ही रोजच्या निगेतली सर्वांत साधी कृती, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान तिथेच होते. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनलेला खरा साबण हा स्वभावतःच अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच नऊ ते दहा असतो, मग तो चंदनाचा असो, कडुनिंबाचा असो वा हाताने बनवलेला महागडा असो. साबण मळाबरोबर भिंतीतला चुनाही थोडा उचलून नेतो आणि आम्लाचे आवरण काही काळ मोडतो. निरोगी त्वचा काही तासांत सावरते. पण सावरण्याआधीच पुन्हा साबण लागला आणि असे रोज चालले, तर ती सावरण्याची शर्यत हरते. वेष्टनावरचा टीएफएमचा आकडा पाहून साबण घेणारे चोखंदळ ग्राहक आपल्याकडे बरेच आहेत. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात टीएफएम किमान ७६ टक्के असावा लागतो, आणि ज्या वडीवर "बेदिंग बार" असे छापलेले असते तिच्यात तो बराच कमी चालतो. मात्र हा आकडा साबणात मेदयुक्त द्रव्य किती आहे एवढेच सांगतो. साबण किती अल्कधर्मी आहे, हे त्यावरून कळत नाही. चेहऱ्यासाठी सौम्य, फारसा फेस न करणारा फेसवॉश किंवा सिंडेट म्हणून विकली जाणारी, खऱ्या साबणाऐवजी कृत्रिम शोधकांपासून बनलेली वडी बरी, कारण तिचा पीएच त्वचेच्या अधिक जवळ ठेवता येतो.

पाण्याचाही विचार करावा लागतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात, जो बादलीच्या कडेला पांढरा दिसतो. तोच साका चेहऱ्यावरही राहतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी लावतो आणि साका आणखी वाढतो. जड पाणी असलेल्या घरी सिंडेट वापरणे या एकाच बदलाने चेहऱ्याची ओढ कमी झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

किती वेळा धुवावा, याचे उत्तर सोपे आहे. दिवसातून दोनदा पुरते, आणि कोरड्या त्वचेच्या व्यक्तीने सकाळी नुसत्या पाण्याने धुतला तरी चालते. रात्रीचे धुणे मात्र चुकवू नये, कारण दिवसभराचा घाम, धूर, सनस्क्रीन आणि मेकअप तेव्हाच उतरतो. पाणी कोमट असावे, बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलके फिरवावे आणि पुसताना टिपून घ्यावे, घासू नये. यासाठी जाड टर्किश टॉवेलपेक्षा आपला साधा सुती पंचा मला अधिक पसंत आहे, कारण तो मऊ असतो, रोज धुता येतो आणि श्रावणातसुद्धा वाळतो. दमट टॉवेल आठवडाभर दाराच्या मागे लटकत ठेवून त्यानेच रोज तोंड पुसणाऱ्यांनी पुटकुळ्यांसाठी दुसरे कारण शोधण्याची घाई करू नये.

तेलकट चेहऱ्याच्या मुलामुलींना वाटते की अधिक धुतल्याने तेल आटेल. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आत असतात आणि त्यांच्यावर संप्रेरकांचा ताबा असतो. साबण तिथवर पोहोचतच नाही. तो फक्त वर आलेले तेल नेतो आणि सोबत चुनाही नेतो. तेल आणि पाणी हे दोन वेगळे हिशेब आहेत, ही गोष्ट लक्षात आली म्हणजे एकाच वेळी चकाकणारा आणि ओढल्यासारखा वाटणारा चेहरा कोड्यात टाकत नाही: त्यावर तेल भरपूर असते, पण भिंतीतून पाणी गळत असते.

ओलावा राखण्याचे तीन मार्ग

मॉइश्चरायझर या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामे करणारे पदार्थ येतात. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्लासारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात. काही स्निग्ध पदार्थ मृत पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करतात. आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वर झाकण घालून पाणी उडू देत नाहीत. झाकण घालण्यात पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारे फारच थोडे पदार्थ आहेत, आणि ती स्वस्त असल्यामुळेच बहुधा तिला मान नाही. आपल्या घरांतले जुने उपायही याच तीन खणांत बसतात. थंडीतले ग्लिसरीन-गुलाबपाणी हे पहिल्या खणातले. कोकणात फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावतात ते कोकमाचे तेल, म्हणजे भिरंडेल, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या खणांतले. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण मुरमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवू शकते. डोक्याला चोपडलेले तेल रात्रभर कपाळावर ओघळत राहिल्यानेही केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तिला अपचनाचे नाव दिले जाते, मात्र उशीचा अभ्रा बदलून आणि तेल लावल्यानंतर कपाळ पुसून ती पुष्कळदा आटोक्यात येते.

कोणते मॉइश्चरायझर घ्यावे, हे हवेवर ठरते. माझे माहेर नागपूरचे आणि पार्लर ठाण्यात, त्यामुळे हा फरक मी स्वतःच्या चेहऱ्यावर भोगला आहे. ठाण्याच्या दमट हवेत हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर पुरते. तेच घेऊन मे महिन्यात नागपूरला गेले की दुसऱ्या दिवशी गाल तडतडू लागतात, कारण तिथल्या कोरड्या हवेत पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थावर झाकण नसेल तर धरलेले पाणीही उडून जाते. दिवसभर एसीत काम करणाऱ्या मुंबईकरांच्या चेहऱ्याला मात्र ऋतू कोणताही असला तरी हवा कोरडीच मिळते. मॉइश्चरायझर चेहरा किंचित ओलसर असतानाच लावावे, पूर्ण वाळल्यावर नव्हे. तेलकट त्वचेलाही ते लागते; तिला फक्त कमी तेलाचे लागते.

सावली पायाखाली येते तेव्हा

चेहऱ्यावर वयाच्या म्हणून ज्या खुणा आपण मोजतो, त्यांतील बराच भाग वयाचा नसून उन्हाचा असतो. पाहायचे असेल तर स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा हाताच्या पंज्याशेजारी धरून पाहावी. दोघींचे वय एकच आहे.

उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारांनी आपल्यापर्यंत येतात. यूव्हीबी किरण त्वचा भाजतात आणि काचेतून फारसे येत नाहीत. यूव्हीए किरण खोलवर जातात, त्वचेला ताठ ठेवणारे तंतू मोडतात आणि खिडकीच्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा या दुसऱ्या प्रकाराचा असतो. यांपैकी कशाचाही उष्णतेशी थेट संबंध नाही, आणि आपली फसगत होते ती इथेच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. तिथे थंड वाऱ्यात ऊन गोड वाटते, पण दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. सहलीहून परतलेल्या मंडळींची नाके सोललेली दिसतात ती यामुळे.

ऊन किती कडक आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तेव्हा सूर्य उंच असतो आणि किरण तीव्र असतात. महाराष्ट्रात तर मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाणारा शून्य सावलीचा दिवस येतो, मुंबईत तो मेच्या मध्यावर असतो, आणि त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेची मुले या दिवशी काठ्या रोवून मौज पाहतात. चेहऱ्याच्या दृष्टीने मात्र वर्षातल्या सर्वांत कठीण काळांपैकी तो एक असतो.

सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा आकडा यूव्हीबीपुरता असतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतो, म्हणजे तीसनंतर आकड्यामागे फार धावण्यात अर्थ नाही. यूव्हीएसाठी पीए आणि त्यापुढील अधिक चिन्हे पाहावीत. ही पद्धत जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली आणि चार अधिक चिन्हे ही तिची सर्वांत वरची पायरी आहे. खरी अडचण प्रमाणाची असते. हे सगळे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून मोजलेले असतात, आणि आपण सहसा त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, म्हणजे सुमारे एक मिलिलिटर सनस्क्रीन लागते. या हिशेबाने पन्नास मिलिलिटरची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी पन्नास दिवसांत संपायला हवी. ती घरातल्या तिघांना वर्षभर पुरत असेल, तर ती लावली जात नाही, दाखवली जाते. बाहेर असल्यास दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे लागते. म्हणून ऐंशीचा आकडा असलेल्या महाग ट्यूबपेक्षा मनाला न लागता भरपूर लावता येईल अशी तीसची ट्यूब घ्या, असे मी सांगते.

पुण्यात आणि आता सगळीकडेच स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात. मला ही सवय मनापासून आवडते, कारण घट्ट विणीचे गडद कापड हे घामाने न वाहून जाणारे सनस्क्रीनच आहे. पातळ, फिक्या ओढणीतून मात्र किरण सहज आत येतात. दुसरी अट अशी की स्कार्फ रोज धुतला पाहिजे. घाम, धूर आणि कालचा मेकअप पोटात घेतलेले कापड रोज तासभर गालांवर घासत राहिले, तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम येतात, आणि ती मुलगी फेसवॉश बदलत बसते.

गालांवर आणि कपाळावर येणाऱ्या तपकिरी डागांना आपण वांग म्हणतो. गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि अनुवंश ही त्याची कारणे, पण त्याला पेटते ठेवणारे इंधन म्हणजे प्रकाश. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत तर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही वांग वाढवतो, आणि त्याला पारदर्शक सनस्क्रीन अडवत नाही. यासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन वापरावे लागते. आपल्या त्वचेचा दुसरा स्वभावही इथेच सांगते. तिला कुठेही इजा झाली, मग ती मुरूम दाबल्याने असो, घासल्याने असो वा भाजल्याने, की ती त्या जागी गडद डाग ठेवून जाते आणि तो काही महिने हटत नाही. गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा उचलला की आपली फसगत होते, ती या एका फरकामुळे.

फोडणीच्या डब्यातून

स्वयंपाकघरातले सगळेच निरुपद्रवी असते, हा समज मला खोडावासा वाटतो. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच असतो, म्हणजे त्वचेच्या तुलनेत तो शेकडो पटींनी अधिक आम्लधर्मी असतो. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, असे पदार्थ असतात जे उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजतात. उन्हात बसून सरबत करताना हातावर उडालेल्या रसाचे तपकिरी ओघळ काही दिवसांनी उमटलेले मी पाहिले आहेत. तोच रस डाग घालवण्यासाठी चेहऱ्यावर चोळला जातो. खाण्याचा सोडा याच्या उलट टोकाचा, अल्कधर्मी, आणि तितकाच नको. हळद चिमूटभर, ओळखीच्या गिरणीतली असेल तर चालेल, कारण बाजारातल्या काही हळदीत रंगासाठी नको ती भेसळ होते.

उटण्याबद्दल मात्र मला आदर आहे, आणि तो केवळ आठवणींपोटी नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे आजी आधी अंगाला कोमट तेल चोळत असे आणि मग नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी यांचे उटणे लावत असे. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेलाने भिंतीवर आधी थर दिला, आणि उटण्याने त्यातले जास्तीचे तेल मळासह टिपून घेतले. साबणाची फारशी गरजच उरली नाही. आज तेल गाळून तेच उटणे कोरड्या चेहऱ्यावर रोज चोळले जाते, तेव्हा ते सँडपेपरचे काम करते. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा ठीक आहे, पण ती पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नये. ओलसर असतानाच धुवावी.

पार्लरकडून काय अपेक्षावे

माझ्या व्यवसायातल्या काही समजुतींचीही इथेच झाडाझडती घ्यायला हवी. वाफेने छिद्रे उघडतात आणि थंड पाण्याने मिटतात, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. छिद्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वाफेने आतला चिकट ऐवज मऊ होतो आणि काढायला सोपा जातो, एवढेच. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. छिद्रात साठलेले तेल आणि मृत पेशी हवेच्या संपर्काने काळ्या पडतात, त्यामुळे घासून ते जात नाहीत. फेशियलनंतर दिसणारे तेज खरे असते, पण ते मालिशने वाढलेल्या रक्तप्रवाहाचे आणि वरच्या मृत थराच्या सफाईचे असते आणि काही दिवसांत उतरते. त्यात आरामही मिळतो, म्हणून महिन्या-दीड महिन्याने केले तर हरकत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आयुष्यातले पहिले फेशियल करण्याला मात्र मी नेहमी नकार देते. नव्या वस्तूने चेहरा बिघडायचाच असेल तर त्याला सावरायला दोन महिने तरी हाताशी असावेत.

ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असते आणि ते चेहऱ्यावरील लवेचा रंग उडवते, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. ते झोंबते तेव्हा "काम करत आहे" असे समजू नये. भिंत त्या वेळी विरोध नोंदवत असते. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडापलीनसारखे क्रीम चालू असेल, तर थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगपूर्वी ते आवर्जून सांगावे. या क्रीममुळे वरचा थर पातळ होतो आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर त्वचाच सोलून निघू शकते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्या व्यक्तीचे वॅक्सिंग मी करतच नाही. गरोदरपणात या गटातली औषधे वर्ज्य आहेत.

छोटी ट्यूब

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या मेडिकलमधल्या छोट्या ट्यूबकडे वळते. गोरेपणासाठी, वांगासाठी किंवा मुरमांसाठी कुणीतरी सुचवलेल्या या ट्यूबमध्ये अनेकदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा जादू झाल्यासारखा उजळतो, आणि म्हणूनच ती शेजारणीलाही दिली जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात, केस वाढतात आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. भारतात हा प्रकार इतका पसरला की, इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. चिठ्ठीशिवाय ती आजही मिळतात. अशी ट्यूब चालू असेल तर स्वतःहून झटकन बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ती कशी सोडवायची याची पद्धत असते.

याहून भयंकर म्हणजे लेबल नसलेल्या डब्यांतली क्रीम. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून तो अशा क्रीममध्ये मिसळतात, आणि तिथून तो रक्तात जाऊन मूत्रपिंडे निकामी करतो. अकोल्यातील एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याचा माग त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत नेला. ते क्रीम स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले होते, आणि ती बातमी वाचताना मला माझ्या व्यवसायाची लाज वाटली. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत पारा मिसळता येत नाही, आणि अनवधानाने आलेला पाराही सामान्यतः दहा लाखांत एक भाग यापेक्षा अधिक चालत नाही. डब्यावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ते क्रीम कुणीही दिलेले असो, घेऊ नये. नवी कोणतीही वस्तू आधी काही दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावी, आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे बिघडल्यास दोष कुणाचा हे कळते.

कपाळाच्या मधोमध पांढुरका डाग पडलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात आणि कोड उठले म्हणून घाबरलेल्या असतात. अनेकदा तो टिकलीचा प्रताप असतो. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन असते आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशींना मारते. टिकली त्याच दिवशी थांबवायची आणि डाग डॉक्टरांना दाखवायचा. हे निदान करणे माझे काम नाही, ओळखून पुढे पाठवणे मात्र आहे, आणि त्वचारोगशास्त्रातली एमडी ही पदवी किंवा डीडीव्हीएल ही पदविका पाहूनच मी डॉक्टरांचे नाव सुचवते. मागच्या वर्षी एक आई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीची मान काळी आणि मखमलीसारखी जाड झाली होती, आणि आईने घासणीने घासून ती रक्ताळली होती. "किती सांगितलं तरी अंघोळ नीट करत नाही," असे आई म्हणत होती आणि मुलगी जमिनीकडे पाहत होती. त्या मानेवर मळाचा कणही नव्हता. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसले की मानेच्या आणि काखेच्या घड्यांत त्वचा अशी जाड व काळी होते. त्याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. हनुवटीवर राठ केस आणि अनियमित पाळी हीही तिची लक्षणे होती. मी मानेला साधे मॉइश्चरायझर लावले, पैसे घेतले नाहीत, आणि आईला रक्तातील साखरेच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जायला सांगितले.